डावी कड, उजवी कड

तिसगावच्या चौकातून जाणाऱ्या रस्त्याला गावात कुणी राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणत नाही. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता, तोही कुणाच्या तोंडी बसला नाही. पेपरात बातमी येते ती कल्याण–विशाखापट्टणम महामार्गाची, आणि ती बहुधा खड्ड्यांची असते. कागदावरचा महामार्ग विशाखापट्टणमपर्यंत पोचतच नाही, तेलंगणात थांबतो. पण नाव चिकटलं ते चिकटलं. नगरपासून चाळीसेक किलोमीटरवर, करंजी घाट ओलांडल्यावर लागणारं हे गाव. पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं ठरलेलं. आणि दारातल्या रस्त्याच्या नावात मात्र दोन्ही टोकांना पाणी: पश्चिमेला कल्याण, म्हणजे उल्हासच्या खाडीवरचं जुनं बंदर, आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकाठचं विशाखापट्टणम. दोन कडा सांगितल्या, मधलं सगळं गृहीत धरलं. पॅनोरमा फोटोचंही असंच असतं. या पुस्तिकेत त्याबद्दलच लिहिलं आहे.

पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे ते तिसगाव, करंजी, मिरी, पाथर्डी, शेवगाव या पट्ट्यातले फोटोवाले. लग्नं, साखरपुडे, जावळं, सत्कार आणि अधूनमधून एखादं प्री-वेडिंग, यावर ज्यांचं दुकान चालतं ते. त्यांच्याकडे कॅमेरा चांगला असतो, हात बसलेला असतो, आणि गर्दीत कुणालाही न दुखावता पुढे सरकायची कला तर नामांकित निसर्गछायाचित्रकारांकडेही नसते. नसतो तो वेळ. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो तो पार जूनपर्यंत. मग चातुर्मास. मुहूर्त नाहीत, दुकान थंड. नवरात्रात मोहटादेवीच्या यात्रेची थोडी कामं निघतात, पण कोजागिरीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस बऱ्यापैकी मोकळे. कोकणच्या किनाऱ्यासाठी वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच. पावसाने हवा धुऊन काढलेली असते, जांभ्या दगडाच्या सड्यावरचं गवत हिरव्याचं सोनेरी होत असतं, भात कापणीला आलेलं असतं, आणि डिसेंबरनंतर दूरवर साचणारा धुरकटपणा अजून आलेला नसतो. धंद्याचा मंदीचा काळ आणि समुद्राचा तेजीचा काळ असा जुळून येतो, तर तो वाया का घालवायचा?

पॅनोरमा हा प्रकार या मंडळींना नवा वाटतो, पण तसा तो नाही. लग्नाच्या करिज्मा अल्बमची उघडलेली शीट घ्या. बारा बाय छत्तीस इंच. म्हणजे उंचीच्या तिप्पट रुंदी. जगातल्या मोठमोठ्या निसर्गछायाचित्रकारांनी ज्या ६×१७ च्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी आयुष्याची कमाई घातली, त्यांच्या फोटोचं प्रमाण थोड्याफार फरकाने हेच. आपला डिझायनर त्या शीटवर नवरा-नवरीचे सात फोटो कापून बसवतो, मागे ढग सोडतो, कोपऱ्यात गुलाबाची पाकळी टाकतो. एकच फोटो तीन फुटांवर पसरवायचा आणि तो वाया गेलेला वाटू द्यायचा नाही, हे मात्र क्वचितच कुणी करून पाहतं. छापणारी लॅब तीच, कागद तोच. बदलायचा आहे तो फोटो.

आणि इथेच पहिला गैरसमज आडवा येतो. पॅनोरमा म्हणजे 'सगळं मावलं पाहिजे'. मोबाइल हातात घेतला, डावीकडून उजवीकडे फिरवला, झालं. सन २०१२ मध्ये आयफोनला ही सोय आली, पुढे साध्या फोनमध्येही आली, आणि तेव्हापासून कोकणातल्या प्रत्येक वळणावर माणसं स्वतःभोवती सावकाश गिरकी घेताना दिसतात. घरी आल्यावर फोटो पाहावा तर वर आकाशाचा पट्टा, खाली वाळूचा पट्टा, मध्ये समुद्राची रेघ. सगळं मावलंय आणि काहीच दिसत नाही. कारण समुद्र हा रुंद असला तरी त्याच्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं, हे म्हणायला धीर लागतो, पण खरं आहे. काठावर उभ्या माणसाचं क्षितिज असतं साडेचार किलोमीटरवर. शंभर मीटर उंच सड्यावर चढलात तर ते छत्तीस किलोमीटरवर जातं. पण दोन्हीकडे दिसते ती एक आडवी रेघच. या रेघेला कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं, हे ज्याला कळलं त्याला पॅनोरमा कळला. रुंद फोटो एका नजरेत बघितला जात नाही. डोळा डाव्या कडेने आत शिरतो, चालतो, रेंगाळतो, आणि उजव्या कडेला बाहेर पडतो. शिरताना काही तरी हवं, बाहेर पडताना काही तरी हवं, आणि त्या दोघांचा एकमेकांशी संबंध हवा. मधलं मग आपोआप अर्थाला येतं.

पॅनोरमाचा इतिहास तसा फार जुना नाही. रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने १७८७ मध्ये याचं पेटंट घेतलं. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर सलग चित्र, आणि प्रेक्षक मधोमध उभा. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याची खास गोल इमारत १७९३ साली उभी राहिली आणि लोक पैसे देऊन रांगा लावू लागले. आपल्याकडचा विषयही तिकडे लवकर पोचला. टिपूचं श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर याने त्या हल्ल्याचं अजस्र पॅनोरमाचित्र लंडनमध्ये मांडलं. पोर्टर हिंदुस्थानात आलेला नव्हता. लढाई ज्यांनी जिंकली त्यांच्या सांगण्यावरून त्याने ती रंगवली, आणि प्रेक्षकांना आपण तटावर उभे आहोत असं वाटलं. फोटोग्राफी आल्यावर फेलिचे बियातो १८५८ मध्ये लखनौला पोचला आणि उद्ध्वस्त शहराच्या काचेच्या प्लेटांवरून काढलेले छाप शेजारीशेजारी जोडून त्याने लांबच लांब दृश्यं तयार केली. विजेत्याला उंचावर उभं राहून सगळं एकदम बघायला आवडतं, असा या साऱ्यातला एक धागा आहे. फोटो काढताना तो विसरू नये.

पण याच काळात रुंद चित्राची दुसरीही एक जात होती, आणि ती आपल्या किनाऱ्यावरही वाढली. जहाजावरच्या सर्वेक्षकांची. किनाऱ्याला समांतर जाताना डोंगर, देवळं, किल्ले कसे दिसतात याची लांबट, अरुंद रेखाचित्रं ते काढत, म्हणजे पुढच्या खलाशाला बंदर ओळखता यावं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉम्बे मरीनच्या जॉन मॅकक्लुअरने पश्चिम किनाऱ्याचं सर्वेक्षण केलं. त्या काळचे सागरी नकाशे आणि अशी किनारादर्शनं ईस्ट इंडिया कंपनीचा जलालेखक अलेक्झांडर डॅलरिंपल लंडनमध्ये छापत असे. बार्करचा प्रेक्षक एका जागी उभा राहून गोल फिरतो. सर्वेक्षक फिरत नाही, त्याचं जहाज पुढे सरकतं. पहिल्यात नजर वळते, दुसऱ्यात पाय चालतात. अमेरिकेत एड रुशे या कलावंताने १९६६ मध्ये हीच दुसरी रीत मोटारीवर आणली. गाडीवर कॅमेरा बसवून लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप रस्त्यावरची प्रत्येक इमारत टिपली आणि पंचवीस फुटांच्या आसपास लांबीचं घडीचं पुस्तक केलं.

आपण गाडीने निघालो आहोत, म्हणून ही दुसरी रीतही हाताशी ठेवायची. तिचं एक देशी रूप तर तिसगावपासून फार लांबही नाही. चित्रं दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथींच्या जुन्या चित्रांना 'पैठण शैली' म्हणतात, आणि पैठण शेवगावमार्गे आपल्या शेजारचंच. हीच परंपरा आज जिवंत आहे ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाकडे. एका प्रसंगाचं एक पान, पानामागून पान, आणि जोडणारा धागा सांगणाऱ्याच्या तोंडी. चित्रांच्या संचाला ते पोथीच म्हणतात. पानांच्या कडा एकमेकींत मिसळाव्या लागत नाहीत. फेरीबोटीवरून काढलेले फोटो असेच मांडावेत, असं माझं मत आहे. का, ते पुढे सांगतो.

तिसगावहून किनाऱ्याला जायचे रस्ते अनेक. सरळ महामार्ग धरला तर नगर, आळेफाटा, माळशेज उतरून मुरबाड, कल्याण, आणि तिथून पनवेल, पेण, अलिबाग. पुण्यावरून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरलात तर श्रीवर्धन-हरिहरेश्वर जवळ. खाली उतरल्यावर मात्र रस्ता एकच धरावा: रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग. ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८०-८२ च्या काळातली. अजून ती पुरी व्हायची आहे, आणि फोटोवाल्याच्या दृष्टीने ते बरंच आहे. कारण रस्ता दर तीस-चाळीस किलोमीटरवर खाडीपाशी येऊन तुटतो. काही खाड्यांवर पूल आहेत, पण राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा–दिघी, सावित्रीवर बागमांडला–वेश्वी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्रीवर तवसाळ–जयगड इथे गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. दाभोळची फेरी २००३ पासूनची. या खाड्यांवर पूल बांधण्याचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. पूल झाले की गावांची सोय होईल, आजारी माणूस वेळेत पोचेल. त्याबद्दल तक्रार करणं हा पर्यटकी चोचलेपणा झाला. पण पाण्याच्या पातळीवरून, खाडीच्या मधोमधून दिसणारा किनारा तेव्हा सहज मिळणार नाही. तो आत्ता घ्यावा.

खाडीच्या मुखाशी पॅनोरमा का जमतो, हे एकदा तवसाळच्या जेट्टीवर उभं राहून पाहावं. तुम्ही उत्तर तीरावर आहात, तोंड दक्षिणेला. उजव्या कडेला उघडा समुद्र. डाव्या कडेला शास्त्री नदी डोंगरांमध्ये शिरत गेलेली. समोर जयगडचा किल्ला, बंदर, आणि वीजप्रकल्पाच्या चिमण्या. एका कडेला पाणी संपत नाही, दुसऱ्या कडेला पाणी जमिनीत हरवतं, आणि मधल्या अरुंद मुखावर माणसांनी तीन-चार शतकं काय काय उभं केलं ते एका ओळीत. चिमण्या फोटोशॉपमध्ये पुसू नका. आपल्याकडे नवरीच्या गालावरचा डागही पुसायची सवय आहे म्हणून हे आवर्जून सांगतो. किल्ला जसा त्याच्या काळात बंदराच्या राखणीसाठी होता तशाच चिमण्या आजच्या बंदराच्या सोबतीला आहेत. धोपाव्याच्या धक्क्यावर हेच चित्र उलटं होतं: तोंड उत्तरेला, समोर दाभोळ, समुद्र डावीकडे आणि वाशिष्ठी उजवीकडे. दोन्ही जागांचे फोटो शेजारी लावले की खाडी म्हणजे काय ते शाळेतल्या भूगोलापेक्षा लवकर कळतं.

बोट सुटल्यावर कॅमेरा गोल फिरवू नका. तुम्ही फिरताय, बोट सरकतेय, आणि कठड्याचा दोर आणि समोरचा डोंगर वेगवेगळ्या वेगाने मागे पडताहेत. असे फोटो कुठलंही सॉफ्टवेअर धड जोडू शकत नाही. त्याऐवजी कॅमेरा स्थिर धरून किनाऱ्याकडे काटकोनात रोखावा, काही सेकंदांच्या अंतराने फोटो घेत जावं, आणि नंतर ते जोडायच्या भानगडीत न पडता पोथीच्या पानांसारखे ओळीने मांडावेत. मधल्या फटी असू द्याव्यात. पाहणारा त्या भरून काढतो.

आता भूमितीचा एक चमत्कार, जो पुस्तकात वाचून पटत नाही. वेळणेश्वरचा किनारा अर्धचंद्राकृती आहे, माडांनी वेढलेला. अर्धचंद्राच्या पोटात मधोमध उभं राहून तुम्ही तो या टोकापासून त्या टोकापर्यंत टिपला, तर फोटोत अर्धचंद्र दिसतच नाही. सरळ पट्टी दिसते. कारण तुमच्याभोवती सारख्या अंतरावर गोल पसरलेली गोष्ट पॅनोरमात उलगडून सपाट होते. आणि गुहागरचा किनारा, जो पाच-सहा किलोमीटर जवळपास सुतात आहे, तो त्याच पद्धतीने घेतला की धनुष्यासारखा वाकतो, मध्ये फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता. वाकडं सरळ होतं, सरळ वाकडं होतं. म्हणून अशा किनाऱ्याचा बाक दाखवायचा असेल तर त्याच्या पोटात उभं राहू नये. एका टोकाच्या टेकाडावर चढावं आणि फिरणं शंभर अंशांच्या आतच ठेवावं. गणपतीपुळे आणि रत्नागिरीच्या मधलं आरे-वारे लोकांना इतकं आवडतं त्याचं खरं कारण हेच आहे. रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो आणि तिथून किनाऱ्याचा बाक बाहेरून, वरून दिसतो. तिथे गर्दीही त्यामुळेच. गाडी वळणावर लावू नका. मागून येणाऱ्या एसटीला तुमचा फोटो माहीत नसतो.

हर्णै मात्र वेगळी गोष्ट आहे. कनकदुर्गाच्या टेकाडावरून एका बाजूला बंदर, दुसरीकडे पाण्यातला सुवर्णदुर्ग, असा दोन कडांचा आयता फोटो मिळतो, आणि तो सगळ्यांनी काढलेला आहे. मला म्हणायचंय ते खाली वाळूवर भरणाऱ्या मासळीच्या लिलावाबद्दल. होड्या खोल पाण्यात थांबतात, मासळी काठावर येते, ढीग पडतात, भोवती बायका-पुरुषांची कोंडाळी होतात, बोली लागते, ढीग उठतो, दुसरा पडतो. निसर्गाचे फोटो काढणारे इथे कॅमेरा खाली ठेवतात, कारण सगळंच हलतंय. लग्नातल्या फोटोवाल्याने ठेवू नये. अक्षता पडताना मंडपात काय होतं ते त्याला ठाऊक आहे. सहा फ्रेम घ्यायच्या तर प्रत्येक फ्रेमच्या मधल्या भागात एक कोंडाळं पूर्ण बसेल असं पाहावं, म्हणजे सांधा मोकळ्या वाळूवर पडतो आणि अर्धी टोपली, दीड बाई असले प्रकार होत नाहीत. एखादा माणूस दोनदा आला तर येऊ द्यावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्किट नावाचा फिरता कॅमेरा शाळा-पलटणींचे लांब ग्रूप फोटो काढायचा, तेव्हा एका टोकाला उभा असलेला द्वाड मुलगा कॅमेरा वळेपर्यंत मागून धावत दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा उभा राहायचा. त्या पोरांना पॅनोरमाचं तंत्र शिक्षकांच्या आधी समजलं होतं. आणि हो, आधी विचारून घ्या. लिलाव हा त्यांचा धंदा आहे, तमाशा नव्हे. आपल्या कांद्याच्या लिलावात परका माणूस कॅमेरा घेऊन घुसला तर आपण काय करू, एवढं आठवावं.

तंत्राचे धडे पुढे सविस्तर आहेत, इथे फक्त हिशेब सांगतो. चोवीस मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरला की फ्रेम पडते ४००० पिक्सेल रुंद आणि ६००० उंच. पन्नास मिमीच्या लेन्सला उभ्या फ्रेमची रुंदी सत्तावीस अंशांची मिळते. शेजारच्या फोटोत तीस टक्के भाग पुन्हा आला पाहिजे. म्हणजे सहा फ्रेममध्ये सुमारे १८००० पिक्सेल आणि १२० अंश. बारा बाय छत्तीसच्या शीटला तीनशे डीपीआयने लागतात १०८०० बाय ३६००. म्हणजे दुकानातला रोजचा कॅमेरा आणि रोजची 'फिफ्टी' पुरून उरते. सॉफ्टवेअर फुकटातलंही चालतं. फोटो कुठे जुळतात हे संगणकाने आपणहून ओळखण्याची पद्धत मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी २००३ साली मांडली, आणि आज सगळीच साधनं कमी-अधिक त्याच वाटेने जातात. ती पद्धत फोटोतल्या ठळक खुणा शोधते: खडकाचा कोपरा, माडाचा शेंडा, होडीचं नाक. नुसतं पाणी आणि आकाश दिलंत तर तिला धरायला काहीच मिळत नाही आणि ती हात टेकते. निव्वळ समुद्राचा पॅनोरमा कंटाळवाणा दिसतो असं मी वर म्हणालो. यंत्रालाही तो कळत नाही, एवढी साक्ष पुरे.

ऑटो मोड बंद. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस, तिन्ही एकदा ठरवून कुलूपबंद करायचे, नाहीतर सहा फ्रेमना सहा रंगांचं आकाश येतं. पोलरायझर काढून ठेवायचा. सूर्यापासून नव्वद अंशांवरचं आकाश तो सगळ्यात गडद करतो, आणि एवढ्या रुंद फोटोत निळ्याचा एक काळपट खांब उभा राहतो. लाटांचं असं की दोन फ्रेमच्या मध्ये लाट पुढे गेलेली असते. फेस काठाला लागून मागे वळतो त्याच क्षणी प्रत्येक फ्रेम घेतली तर सांधे सहज लपतात. थोडा धीर लागतो, बाकी काही नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा लेन्सच्या ऐन डोळ्याभोवती फिरावा, बुडाच्या स्क्रूभोवती नव्हे, हा नियम सगळीकडे वाचाल. समोर दहा-पंधरा फुटांत सुरूचं झाड किंवा कठडा असेल तरच तो जाचतो. सगळं दूरचं असेल तर हातात धरूनही उत्तम काम होतं. क्षितिज वाकलेलं दिसलं तर पृथ्वी गोल आहे म्हणून आनंद मानू नये. काठावरून किंवा सड्यावरून तो बाक डोळ्याला दिसत नाही, कॅमेरा कलला होता एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडच्या माणसाला समुद्राचं सगळ्यात अवघड वाटतं ते भरती-ओहोटीचं गणित, आणि ते तर पंचांगात आहे. कोकणात जुने लोक तिथीला तीनाने गुणतात आणि चाराने भागतात; येईल त्या वाजता भरती पूर्ण, आणि सहा तासांनी ओहोटी पूर्ण. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे: सव्वाअकराला भरती, सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी. जागेनुसार पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं बस. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा फरक कमी. आता हे कोजागिरीला लावून बघा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला पाणी पार आत गेलेलं, ओली वाळू आरशासारखी उघडी, आणि त्याच वेळी पूर्वेला चंद्र उगवतोय. एखाद्या मोकळ्या सड्यावर, जिथून दोन्ही दिशा दिसतात तिथे, उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून १८० अंशांचा फोटो घेतलात तर एका कडेला मावळता सूर्य, दुसऱ्या कडेला उगवता चंद्र. कल्पना ऐकायला भारी आहे. पण आधीच सांगून ठेवतो: छत्तीस इंचांच्या शीटवर तो चंद्र अडीच मिलिमीटरचा येतो, मोहरीच्या दाण्याएवढा. सूर्यही तेवढाच. फोटो त्यांच्या आकारावर तरत नाही, मावळतीकडचा तांबूस उजेड मधल्या कातळावरून सरकत उगवतीकडे निळसर होतो त्यावर तरतो. चंद्र मोठा करून चिकटवणारे आहेत. त्यांनी ही पुस्तिका इथेच बंद केली तरी चालेल.

दिवसा मात्र हा किनारा सकाळचा. समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून, जमिनीवरून येतं आणि पाण्यावर सारखं पसरतं. संध्याकाळी सूर्य फोटोच्या मधोमध बसून दोन्ही कडा काळवंडून टाकतो. तरीही सगळे संध्याकाळीच येतात.

आणि पाठही फिरवून बघावी. कोकणचा किनारा म्हणजे पाण्याची कड एवढंच नव्हे. तिच्या मागे जांभ्या दगडाचा सडा आहे, सपाट, उघडा, वारा खाणारा, आणि माळरानावर वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. याच सड्यांवर, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ती गेली. कशेळीचा हत्ती इतका प्रचंड आहे की शेजारी उभं राहून तो हत्ती आहे हेच समजत नाही. त्याचा फोटो गोल फिरून मिळत नाही, पावलापावलाने सरकत वरून टिपावा लागतो. पुस्तिकेचा एक धडा त्यासाठीच ठेवला आहे. तिथे कोरीव रेषांवर पाय पडू देऊ नका, आणि फोटोत उठून दिसावं म्हणून त्यात पाणी किंवा खडू तर मुळीच भरू नका.

पाण्याबद्दल एक गोष्ट निक्षून. पॅनोरमा घेणारा माणूस स्क्रीनकडे बघत मागे मागे सरकतो, आणि मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. भरतीच्या वेळी खडकांवर हे जिवावर बेततं. पोहायला येतं ते विहिरीत. लाटेला विहिरीची शिस्त नसते. आपल्या घाटावरून सहलीला गेलेली कितीतरी पोरं या किनाऱ्याने परत पाठवलेली नाहीत. दोघांनी मिळून जावं. एकाने फोटो काढावा, दुसऱ्याने नुसतं पाण्याकडे बघावं.

ड्रोन आणि ३६० अंशांचे कॅमेरे या पुस्तिकेत घेतलेले नाहीत. ड्रोनला परवानग्यांचं झंझट, आणि बंदरं-दीपगृहांजवळ तर उगाच पोलिसांशी गाठ. ३६० अंशांच्या कॅमेऱ्याला मुळात कडाच नसतात, त्यामुळे निवड करण्याचा प्रश्नच तो उडवून लावतो. त्याचे त्याला उपयोग आहेत. जागा विकणाऱ्यांना तो फार आवडतो.

निघण्याआधी गावाजवळच एक काम करून घ्या. मढीला कानिफनाथांच्या गडावर सकाळी लवकर जा, यात्रेचे दिवस टाळून, आणि गर्भगिरीच्या डोंगरांच्या ओळीवर सहा फ्रेमचा एक फोटो घ्या. उभा कॅमेरा, पन्नासची लेन्स, सगळं कुलूपबंद. डावी कड कुठे धरली आणि उजवी कुठे सोडली ते वहीत लिहा, कारणासकट. दुकानात येऊन जोडा, बारा बाय छत्तीसची शीट छापून काउंटरमागे लावा आणि गिऱ्हाईक कुठे बोट ठेवतं ते पाहा. ते बोट बहुतेक वेळा तुम्ही ठरवलेल्या जागी पडणार नाही. मग ती शीट पुढे ठेवून दुसरा धडा वाचायला घ्या. पहिला धडा ट्रायपॉडचा आहे, तो ज्यांच्याकडे ट्रायपॉड नाही त्यांनी सोडून दिला तरी अडत नाही.